शिदोरीची पंगत

गेल्या नाताळाच्या आधीच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही नेहमीच्या सूचना वाचून दाखवल्या. त्यांत एक सूचना अशी होती की, सणाच्या आठवड्यात धर्मग्रामातील सर्व कुटुंबांनी एकत्र भोजन करावे आणि त्यासाठी प्रत्येक घराने एकेक पदार्थ घेऊन यावे. मंदिराबाहेर आल्यावर एक नवविवाहित भगिनी आमच्याकडे आली. ती व तिचे यजमान दोघेही वाळूजच्या कारखान्यांत पाळीने काम करतात. ती म्हणाली, "फादर, मला मोठा स्वयंपाक जमत नाही आणि वेळही नसतो. सोप्यात सोपं काय आणू, ते तुम्हीच सांगा." आम्ही हसून म्हटले, "बाई, जे घरात असेल ते आणा." ती समाधान पावून गेली, आमचे मात्र समाधान झाले नाही. "जे असेल ते आणा" हे उत्तर आम्ही पूर्वी एकदा दिले होते आणि त्याचा परिणाम डोळ्यांनी पाहिला होता. त्याविषयी पुढे सांगू. त्याआधी या साध्या प्रश्नाच्या मागे केवढा इतिहास उभा आहे, तो वाचकांपुढे मांडावा, असे आमच्या मनात आले.

आजची तरुण मंडळी अशा भोजनाला 'पॉटलक' म्हणतात. सोळाव्या शतकातील इंग्रजीत या शब्दाचा अर्थ निराळा होता. अवचित आलेल्या पाहुण्याला त्या दिवशी हंडीत जे शिजले असेल ते वाढायचे. ते त्याचे नशीब. प्रत्येकाने आपले आणून सर्वांनी मिळून खायचे, हा अर्थ त्या शब्दाला फार उशिरा चिकटला. आपल्या मराठीला मात्र ही गोष्ट जुनी आहे आणि तिला शब्दही आपले आहेत. शाळेच्या मधल्या सुटीत डबे उघडून पोरे गोल बसतात, ती 'अंगत-पंगत'. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली बसून जेवतात, ते 'आवळीभोजन'. प्रवासाला निघताना फडक्यात बांधून घेतात, ती 'शिदोरी'. आणि सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवून जो होतो, तो 'काला'. या शब्दांत काला हा सर्वांत खोल आहे. पण त्याच्याकडे वळण्यापूर्वी आपल्या ख्रिस्तसभेच्या पहिल्या पंगतीकडे पाहिले पाहिजे.

पहिल्या शतकातील ख्रिस्ती लोक एकमेकांच्या घरी जमत. प्रत्येकजण काही ना काही आणी, सर्व मिळून जेवत आणि त्याच भोजनात प्रभूच्या भाकरीची व प्याल्याची आठवण करत. या जेवणाला 'अगापे' म्हणजे प्रीतिभोजन असे नाव होते. स्वतःचा वाटा आणून जेवण्याची रीत ग्रीकांत त्याहूनही जुनी होती आणि ख्रिस्ती लोकांनी ती आसपासच्या समाजातूनच उचलली असावी. संत पौलाने करिंथच्या मंडळीला पहिले पत्र लिहिले, ते इ. स. ५३ ते ५५ च्या सुमाराचे मानतात. त्याच्या अकराव्या अध्यायात या पंगतीविषयी मोठी खंत आहे. श्रीमंत लवकर येत, आपले आणलेले आपणच खात आणि पीत. दिवसभर राबून उशिरा येणारे मजूर व दास यांच्या वाट्याला रिकामी भांडी येत. एकजण उपाशी, तर दुसरा धुंद. पौल त्यांना विचारतो की, खाण्यापिण्यासाठी तुम्हाला घरे नाहीत काय, ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाज आणता काय. आणि शेवटी, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा, असे सांगतो.

आमचे सेमिनरीतील धर्मशास्त्राचे प्राध्यापक हा भाग शिकवताना त्या काळच्या घरांची रचना समजावून देत. रोमन पद्धतीच्या घरात जेवणाच्या दालनात तीन बैठका मांडलेल्या असत आणि त्यांवर साधारण नऊजण आडवे होऊन जेवत. बाकीच्यांना बाहेरच्या चौकात जागा. म्हणजे घरमालकाच्या बरोबरीचे आत आणि उरलेले बाहेर, अशी विभागणी भिंतींनीच करून ठेवली होती. पंगत एक आणि पाने दोन, हा रोग किती जुना आहे, हे यावरून ध्यानात यावे. पुढे इ. स. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजनला कळवले की, हे लोक पहाटे प्रार्थनेला जमतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन साधे, निरुपद्रवी अन्न खातात. ख्रिस्ती लोक पंगतीत भलतेसलते खातात, अशा कंड्या त्या वेळी पिकत असत. साध्या अन्नाने त्यांना परस्पर उत्तर दिले.

आता आपल्या भूमीकडे येऊ. आमच्या शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरांवर गोदावरीकाठी पैठण आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला तेथे नाथषष्ठीचा उत्सव सुरू होतो आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटून त्याची सांगता होते. वारकऱ्यांच्या कोणत्याही सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाने व्हायचा, हा रिवाजच आहे. आषाढी पौर्णिमेला पंढरपुराजवळ गोपाळपुरात काला होतो, तेव्हाच वारी पुरी झाली असे समजतात. काल्याची मूळ कल्पना अशी की, गोकुळातील सवंगडी रानात गुरे नेत, तेथे आपापल्या शिदोऱ्या सोडत, कृष्ण त्या साऱ्या एकत्र कालवी आणि सर्वांना वाटून देई. कोणाचे ताजे, कोणाचे शिळे, कोणाचे दही, कोणाचे ताक. कालवल्यावर कोणाचे काय, हे ओळखू येत नाही. वारकरी संतांनी काल्यावर अभंग रचले, ते या ओळखू न येण्याच्या आनंदापोटीच.

काल्यात काय घालतात, हे पाहणे उद्बोधक आहे. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, ताक, मीठ, मिरची, लिंबाचे किंवा कैरीचे लोणचे, काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. यांत चुलीवर पाण्यात शिजवलेले जवळजवळ काहीच नाही. जुन्या घरांतील सोवळे-ओवळे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातील मर्म चटकन कळेल. पाण्यात शिजलेला भात, वरण, भाकरी हे खरकटे. त्यांना शिवाशिवीचे नियम कडक. भाजलेले, फुटवलेले धान्य आणि दूधदही यांना तेवढा विटाळ नाही. म्हणून प्रवासाची 'दशमी' पाण्याऐवजी दुधात भिजवीत. ती दोन दिवस टिके हे एक कारण आणि तिला सोवळ्याची अडचण कमी हे दुसरे. आम्हाला असे वाटते की, काल्याचे साहित्यही याच वाटेने ठरले असावे. ज्या अन्नाला समाजाची कमीत कमी हरकत, तेच सर्वांना एकत्र आणण्यासाठी वापरले गेले. आपल्या पूर्वजांच्या लेखी 'सोपा पदार्थ' म्हणजे करायला सोपा एवढेच नव्हते. दुसऱ्याच्या हातून घ्यायला सोपा, हा त्याचा खरा अर्थ होता.

पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) तर याच्याही पुढचे पाऊल टाकले, असे चरित्रकार सांगतात. श्राद्धासाठी रांधलेले अन्न त्यांनी भुकेल्या महारांना वाढले आणि पुढे त्यांच्यापैकी एकाच्या घरी जाऊन स्वतः जेवले. महिपतींनी अठराव्या शतकात संतांच्या कथा लिहून ठेवल्या, त्यांतून हे प्रसंग घरोघर पोहोचले. येथे लाह्या आणि दही नव्हते. चुलीवर शिजलेले, सर्वांत 'अवघड' अन्न होते. ब्राह्मण समाजाने नाथांना किती छळले, याच्याही कथा आहेत. पण हेही प्रांजळपणे म्हटले पाहिजे की, काल्याची समता बहुधा काल्यापुरतीच राहिली. पंढरीचे मंदिर अस्पृश्यांसाठी उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

आमच्या शहराची ओळख म्हणून जो पदार्थ सांगितला जातो, तो नान-खलिया. मुहंमद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीस हलवली व तिचे दौलताबाद केले. त्याच्या फौजेला थोड्या वेळात, थोड्या खटपटीत जेवू घालायचे म्हणून मोठ्या देगांत मांसाचा रस्सा आणि तंदुरात नान असा बेत निघाला, असे परंपरेने सांगतात. हजारोंसाठी सोपे अन्न ते हेच. पण फौजेची पंगत आणि काल्याची पंगत यांत एक मूलभूत फरक आहे. फौजेत, भंडाऱ्यात किंवा अन्नछत्रात देणारा एक असतो व घेणारे अनेक. देणाऱ्याचा हात वर राहतो, घेणाऱ्याचा खाली. ते पुण्यकर्म आहे, यात शंका नाही आणि दुष्काळात त्यानेच माणसे जगवली आहेत. काल्यात मात्र प्रत्येक हात देणाराही असतो आणि घेणाराही. म्हणूनच आणलेले ताट लहान की मोठे, हा प्रश्न तेथे उद्भवता कामा नये.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात सुधारणेचे वारे वाहू लागले, तेव्हा लढाई ग्रंथांत झाली तशीच ताटावरही झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकर व त्यांच्या मित्रांनी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा काढली. सभेचे कामकाज गुप्त असे. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे, असा दंडक होता. पावाचा तुकडा आणि पाण्याचा पेला. याहून सोपे भोजन कोणते? तरीही त्या तुकड्यासाठी छातीचे धारिष्ट लागे. पोर्तुगीज अमलापासून कोकणपट्टीत पाव म्हणजे ख्रिस्त्यांचे अन्न अशी समजूत रुजली होती आणि विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या गोष्टी सांगितल्या जात. १८६० च्या सुमारास सभेच्या सभासदांची यादी चोरीला गेली आणि नावे फुटण्याच्या भयाने सभा विखुरली. पाव खाल्लेल्यांना पाव खाल्ल्याचे सांगण्याचे धैर्य नव्हते.

तीस वर्षांनी तोच प्रसंग पुण्यात उघड्यावर घडला. १८९० साली अँग्लिकन पंथाच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाला बोलावले होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी पेला नुसताच हाती धरला. पुढे 'पुणे वैभव' पत्रात हजर असलेल्यांची नावे छापून आली आणि गावात खळबळ उडाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांसारखी माणसे त्यांत होती. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते घ्यावी लागली. एका पेल्यातील चहाने पुण्यातील घराघरांत तट पाडले. यजमानांनी मात्र सर्वांत सोपा पाहुणचार निवडला होता!

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी बहुतेकांनी वाचली असतील. रेव्हरंड टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई त्यानंतरही कित्येक वर्षे आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक वेगळा सांभाळून राहिल्या. त्यांच्या मनातील शिवाशिव सुटली, तेव्हा ती प्रवचनाने सुटली नाही; जात ही माणसाने केली की देवाने, या स्वतःच्याच विचाराने सुटली आणि ती सुटल्याची खूण पुन्हा अन्नपाणीच होती. चुलीपर्यंत पोहोचले नाही, ते परिवर्तन पुरे झाले नाही, हे त्या पुस्तकाइतके स्वच्छ आम्ही अन्यत्र वाचलेले नाही.

आमच्या जिल्ह्यातील एक प्रसंगही येथे सांगितलाच पाहिजे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला जात असता दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने सर्व माखले होते. किल्ल्याच्या दाराशी हौदभर पाणी होते. त्यावर त्यांनी हातपाय-तोंड धुतले. लगेच 'पाणी बाटवले' असा ओरडा झाला आणि जमाव जमला. राज्य निजामाचे होते व ओरडणारे मुसलमान होते. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर, सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले. बाबासाहेबांनी स्वतः ही हकीकत लिहून ठेवली आहे आणि विटाळाची भावना एका धर्मापुरती नाही, हेच त्यांना तीतून दाखवायचे होते. आपणही मान खाली घालून कबूल केले पाहिजे की, या देशात ख्रिस्तमंदिरांतही जातवार बसण्याच्या जागा होत्या. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात महाविद्यालय उभे केले. ज्या मुलुखात त्यांना पाण्याला शिवू दिले नव्हते, तेथे त्यांनी विद्येचे पाणपोईच घातले.

पुढच्या काळात पत्रकार अनंत हरि गद्रे यांनी 'झुणका-भाकर सत्यनारायण' सुरू केला. पूजेचा मान अस्पृश्य मानलेल्या दांपत्याला आणि प्रसाद शिऱ्याऐवजी झुणका-भाकरीचा. या निवडीतील शहाणपण पाहण्यासारखे आहे. झुणका-भाकर महाराष्ट्रातील गरिबातल्या गरिबाच्या घरी होते. तिला तूप लागत नाही, साखर लागत नाही. आणि ती पाण्यात भिजवून चुलीवर भाजलेली आहे, म्हणजे जुन्या हिशेबाने नेमकी 'अवघड' आहे. परवडायला सोपी आणि गिळायला अवघड, असा पदार्थ त्यांनी मुद्दाम निवडला.

आता आमच्या त्या जुन्या चुकीविषयी. आम्हाला दीक्षा मिळून दोन-तीन वर्षेच झाली होती. एका लहान गावात आमची नेमणूक होती. मंडळीत चार घरे नोकरदारांची, बाकी सारी शेतमजुरांची. आम्ही उत्साहाने सांगितले, "सणाच्या दिवशी प्रत्येकाने घरून काहीतरी आणा, जे असेल ते आणा." त्या दिवशी लांब मेजावर बिर्याणीचे पातेले आले, केक आला, पुऱ्या आल्या, खीर आली. आम्ही ताटे पाहून कौतुक करत फिरत होतो. कोणी काय आणले, ते मोठ्याने सांगत होतो. जेवणे झाल्यावर आवरताना मागच्या बाकाखाली आम्हाला एक फडके सापडले. सोडून पाहिले, तर चार ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा. कोणाचे ते आम्ही ओळखले. ती आजी जेवणाआधीच निघून गेली होती. संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एवढ्या मोठ्या मेजावर आमची भाकर कुठं ठेवायची? बाकाखालीच बरी होती." आम्ही निरुत्तर झालो. सेमिनरीत करिंथच्या पत्रावर आम्ही चांगले गुण मिळवले होते. आणि आमच्याच मंडळीत, आमच्याच कौतुकाच्या आवाजाने, एक माणूस उपाशी घरी गेले होते. रात्री ती भाकरी आम्ही खाल्ली. सायंप्रार्थनेला मन लागले नाही.

तेव्हापासून योहानाच्या शुभवर्तमानातील सहावा अध्याय आम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. डोंगरावर हजारो माणसे होती आणि एका मुलाजवळ पाच भाकरी व दोन मासळ्या होत्या. योहान आवर्जून सांगतो की, त्या भाकरी जवाच्या होत्या. जव हे त्या देशात गरिबांचे धान्य, आपल्याकडील ज्वारी-बाजरीसारखे. त्या पोराने आपली शिदोरी बाकाखाली लपवली नाही, कारण ती मागणाऱ्याने ती मोठी की लहान, हे पाहिले नाही. चमत्काराचा विचार धर्मशास्त्री करोत; पण तो सुरू झाला, तो एका सोप्या पदार्थापासून.

म्हणून त्या भगिनीला आम्ही दुसऱ्या रविवारी पुन्हा बोलावले आणि नीट उत्तर दिले. आम्ही म्हटले, "दहीपोहे आणा किंवा लाह्यांचा काला आणा. चूल पेटवावी लागत नाही, गार झाला तरी बिघडत नाही, पोराटोरांपासून दात नसलेल्या आजोबांपर्यंत सर्वांना चालतो, मांस न खाणाऱ्यालाही चालतो. तेही जमले नाही, तर शेंगदाण्याची चटणी आणा. भाकरी दुसरे कोणीतरी आणील." आणि या वेळी सूचनेत आम्ही तीन गोष्टी जोडल्या. पहिली, कोणी काय आणले, हे कोणी जाहीर करायचे नाही; सर्व पदार्थ आधी स्वयंपाकघरात धर्मभगिनींच्या हाती द्यायचे आणि तेथून सारख्याच भांड्यांत मेजावर यायचे. दुसरी, ज्यांना काही आणणे जमणार नाही, त्यांनी वाढायला यायचे. वाढणाऱ्याचे हात हाही एक पदार्थच आहे. तिसरी, कारखान्यातील दुपारची पाळी सुटून येणाऱ्यांची वाट पाहून मगच प्रार्थना म्हणायची. ही तिसरी सूचना आमची नव्हे. ती करिंथला पाठवलेली आहे.

त्या रात्री पंगत साडेबाराला बसली. लेकरे पेंगुळली होती, काही जाणती मंडळी कुरकुरली. पण पाळीवरून आलेले सर्वजण जेवले. बिर्याणी उरली; भाकरी मात्र एकही उरली नाही. बाकांखाली आम्ही स्वतः वाकून पाहिले. तेथे काही नव्हते.